कोठडीच्या भिंतीवरचे चाळीस फोटो

"जाधवकाका, हिला मध्ये घ्यायचं," केतकी दाणी म्हणाली आणि तिनं तो फोटो काउंटरच्या काचेवर अगदी माझ्या नाकासमोर ठेवला. "बाकीचे एकोणचाळीस हिच्या आजूबाजूला. ही आपली हिरॉईन."

पोस्टकार्डाएवढा फोटो होता. कडा पिवळ्या पडलेल्या, मागं काळ्या पुठ्ठ्याचे तुकडे चिकटलेले. एक पोरगी भिंतीला पाठ लावून उभी होती. छातीशी तिनं पाटी धरली होती आणि पाटीवर खडूनं लिहिलं होतं: तिमव्वा सत्तू, वय १६, नं. ७१४.

"काय झालं काका?"

"काही नाही. चष्मा घरी राहिला," मी म्हणालो. चष्मा माझ्या डोळ्यांवरच होता.

ही गोष्ट सत्त्याण्णव सालची. सोलापुरात नव्या पेठेत माझं फ्रेमचं दुकान होतं. देव, लग्नातली जोडपी, गेलेली माणसं, शाळेचे गट, निम्म्या गावाच्या भिंतींवर माझ्या हातच्या चौकटी होत्या. आणि त्या वर्षी कलशेट्टी नावाच्या गृहस्थांना होटगी रस्त्यावर एक नवं हॉटेल काढायची बुद्धी झाली. नाव 'कोठडी'. खिडक्यांना गज, वाढप्यांना हवालदाराचे पोशाख, मेनूकार्डावर 'आरोपपत्र' असं छापलेलं. जेवायला आलेल्या माणसाला दारातच खोट्या बेड्या घालायच्या आणि पोराबाळांनी हसायचं, असा सगळा बेत होता. मला पहिल्या दिवसापासून तो प्रकार आवडला नव्हता. पण चाळीस चौकटींचं काम कोण सोडतो?

फोटो इंग्रजांच्या काळातल्या पोलिसांनी काढलेले. कलशेट्टींना त्यांचा अख्खा अल्बम जुन्या बाजारात मिळाला होता. केतकी पुण्याहून आलेली इंटीरियर डिझायनर, सव्वीस-सत्तावीस वर्षांची, बोलायला गोड आणि कामात चिवट. तिनं अल्बमची पानं कापून त्यातले चाळीस चेहरे निवडले होते.

तिमव्वा सत्तू ही माझी आई.

त्यात शंकेला जागाच नव्हती. आईला आपली जन्मतारीख माहीत नव्हती, पण नंबर पाठ होता. सातशे चौदा. मतदानाच्या रांगेत कारकुनानं नाव विचारलं तरी आधी तिच्या तोंडात नंबर यायचा आणि मग ती स्वतःच जीभ चावायची.

तिनं आयुष्यात कुणाची काडी चोरली नव्हती. पण इंग्रजांनी कायदा करून आमची अख्खी जातच गुन्हेगार ठरवली होती. पोर जन्मलं की ते जन्मतःच गुन्हेगार. सोलापुरात अशा लोकांसाठी तारेचं कुंपण घालून वस्ती केली होती, तिला सगळं गाव 'सेटलमेंट' म्हणायचं. दिवसातून तीनदा हजेरी, बाहेर पडायचं तर पास, आणि सोळावं लागलं की नंबर, बोटांचे ठसे आणि पाटी धरून फोटो. आई त्या कुंपणातच जन्मली. स्वातंत्र्यानंतर तारा कापल्या, कायदा गेला, पण गावाच्या तोंडातला शब्द गेला नाही. कुणाचं पाकीट मारलं गेलं की लोक आधी आमच्याकडं बघायचे.

म्हणून मी तिथून निघालो. जुळे सोलापुरात दोन खोल्या बांधल्या, आईला आणलं. जाधव हे आडनाव फार सोयीचं. कुठले जाधव, असं कुणी विचारलं की मी "अक्कलकोटकडचे" म्हणून विषय बदलायचो. बावीस वर्षं हे बरं चाललं होतं.

"हिचा फोटो आपण मोठा करणार आहोत," केतकी सांगत होती. "माणसाएवढा. गुरुवारी संध्याकाळी मी पुण्याला जातेय, तिथल्या लॅबमध्ये मूळ फोटोच द्यावा लागेल. तोवर हा तुमच्याकडंच राहू द्या आणि बाकीच्यांचे माउंट कापून ठेवा. ही दारात उभी राहणार. खाली लिहायचं, 'सावधान! पाकीट सांभाळा!' मस्त ना?"

"मस्त," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार? त्या एका शब्दाबद्दल स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

तो सोमवार होता. माझ्या हातात साडेतीन दिवस होते, आणि खरं न सांगता मला आईला त्या दारातून काढायचं होतं.

मंगळवारी सकाळी केतकी आली तेव्हा मी तयारीतच होतो. "मॅडम, त्या फोटोला बुरशी लागलीय. काचेखाली गेला की आणखी पसरेल. तो वगळू या."

तिनं फोटो उजेडात धरला. "कुठंय? अहो, हे डाग तर हवेतच. जितकं खराब तितकं खरं वाटतं."

"मग असं बघा, हॉटेलात घरची माणसं येणार, लेकीबाळी येणार. दारात बाईमाणूस उभं करायचं, तेही चोर म्हणून..."

"काका, तुम्ही पण ना! एकोणचाळीस मिशाळ बाप्ये आणि ही एकटी. हीच तर गंमत आहे." मग ती फोटोकडं बघतच राहिली. "मी काल रात्री लॉजवर झोपताना हिचाच विचार करत होते. कोण असेल हो ही? काय केलं असेल हिनं?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. काही केलं नाही तिनं, जन्माला आली, असं ओरडावंसं वाटलं. पण मी माउंटचा पुठ्ठा ओढला आणि कापायला लागलो. सरळ जाणारा हात त्या दिवशी तीनदा तिरका गेला.

मग मी म्हटलं, मालकालाच गाठू. बुधवारी दुपारी स्कूटर काढून होटगी रस्त्याला गेलो. कलशेट्टी गजांना काळा रंग लावून घेत उभे होते. माणूस वाईट नव्हता. माझ्या दुकानातून त्यांनी सिद्धेश्वराचा मोठा फोटो नेला होता आणि दरवर्षी श्रावणात त्याची काच पुसायला मलाच बोलवायचे.

"शेठ, एक सांगू का? दारात मेलेल्या माणसाचा फोटो लावू नये. नवीन धंदा आहे."

"मेलेली कशावरनं ओ?" कलशेट्टी म्हणाले.

त्या मेलेल्या बाईनं सकाळीच मला भाकरी वाढली होती.

"पन्नास वर्षं झाली असतील की," मी कसंबसं म्हणालो.

"मग असल की जिवंत. बसली असल सेटलमेंटात नातवंडं खेळवत." ते हसले. "आणि समजा गेली असली तर दाराला लिंबू-मिरची लावू की ओ, त्यात काय! तुम्ही लई विचार करतासा. ती पोरगी मॅडमला आवडली, मला आवडली, संपलं."

"पण शेठ, तिनं चोरी केली होती असं तरी कुठं लिहिलंय? नुसतं नाव आहे."

"काय बोलता जाधव! पोलीस काय उगा फोटो काढतात व्हय? बघा की तोंडाकडं, बेरकी दिसतीया का न्हाई?"

त्यावर मी काय बोललो असेन? "तेही खरं," असं बोललो. बेचाळीस वर्षांचा बाप्या, स्वतःच्या आईला बेरकी म्हणणाऱ्यापुढं मान हलवून उभा. त्यांनी चहा मागवला, तोही मी प्यालो. परत येताना रस्ताभर स्वतःशी भांडत होतो. सांगून टाकावं म्हटलं की पुढचं सगळं डोळ्यांपुढं यायचं. कलशेट्टी सिद्धेश्वराची काच पुसायला बोलावतील का? शेजारचे वाटीभर साखर मागायला येतील का? की मी आल्यावर हळूच कपाटाची किल्ली काढून घेतील?

खरं तर त्या चाळिसांत आणखीही सेटलमेंटचीच माणसं होती. पाट्या वाचल्या असत्या तर कुणाचा आजा, कुणाचा चुलता मला ओळखू आला असता. मी त्या वाचल्याच नाहीत. त्यांना गुमान चौकटी घातल्या, मागं खिळे ठोकले, दोऱ्या लावल्या. माझं भांडण फक्त एका फोटोशी होतं.

आणि त्या एका फोटोकडं मी दिवसातून वीसदा बघायचो. ड्रॉवर उघडायचा, पाटी वाचायची, तिमव्वा सत्तू, सातशे चौदा, आणि ड्रॉवर लावून टाकायचा. वर नजर न्यायचा धीर व्हायचा नाही. आईला अशी भिंतीला लावलेली बघवत नव्हतं. सोळा वर्षांची आई मी पाहिली तरी कुठं होती? पाटी म्हणत होती ती आई, म्हणजे ती आईच.

गुरुवारी सकाळी नऊला दुकान उघडलं. केतकी बाराला फोटो न्यायला येणार होती. मी शटर अर्धं खाली ओढलं, स्टोव्हवर पाणी तापवलं आणि ट्रेमध्ये ओतलं. जुन्या फोटोच्या कागदावर सरसासारखा थर असतो आणि चित्र त्या थरातच असतं. आमच्या धंद्यात हे पहिल्या वर्षी शिकवतात, कारण फोटो ओला होऊ नये म्हणून जपायचं असतं. मी फोटो पालथा करून पाण्यात सोडला. चेहरा वर नको होता. पाच मिनिटांनी कागद सुळसुळीत झाला, तेव्हा खाली हात घालून अंगठ्यानं चोळला. थर साईसारखा सुटला. पाणी करडं झालं. कागद काढून बघितला तर कोरा. पाटी नाही, नंबर नाही, काही नाही. तीन दिवसांत पहिल्यांदा मला मोकळा श्वास आला.

केतकीला मी तो ओला कागद दाखवला. चहाचं पातेलं कलंडलं, म्हणालो.

ती एकदम भडकली. "पातेलं? चाळीस फोटोंतल्या नेमक्या ह्याच फोटोवर? तुम्हाला तो नकोच होता. बुरशी काय, घरची माणसं काय, काल शेठना जाऊन लिंबू-मिरची काय! का पण? तुमचं काय बिघडवलं होतं तिनं?"

"चूक झाली मॅडम."

"त्याची दुसरी कॉपी नाहीये हो! जगात कुठंच नाहीये!" तिचे डोळे भरून आले होते. मला तर तिचा रागच आला. तुला भिंत सजवायला दुसरा कुणी मिळेल, मी मनात म्हणालो. ती चौकटी न घेताच पाय आपटत गेली.

मी दुकान बंद करून घरी गेलो. आई ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. सदुसष्ट वर्षांची होती, पण हात अजून झपाझप चालायचे.

"आज दुपारचाच आलास?" ती म्हणाली. "तीन दिस झालं धड जेवंना झालायस. काय झालंय?"

बायको माहेरी गेली होती, घरात आम्ही दोघंच. आणि मला सांगायचंच होतं. काहीतरी पराक्रम करून आलेल्या माणसासारखा मी तिच्यापुढं बसलो आणि सगळं सांगितलं. हॉटेल, अल्बम, दारात उभी करणार होते ते, पाकीट सांभाळा ते. "आता काळजी करू नको. तुझा तो फोटो आता कुणालाच दिसणार नाही."

"माजा फोटो?" आईचे हात थांबले. "माजा कुटं काडलाय कुनी फोटो?"

"आई, पाटीवर नाव होतं. तिमव्वा सत्तू. सातशे चौदा."

"नंबर माजाच हाय की. पर फोटो माजा न्हाई. मी त्या दिशी गड्ड्याला गेलते."

गड्डा म्हणजे सिद्धेश्वराची संक्रांतीची जत्रा. मला काही कळेना. आई सांगायला लागली तेव्हा तिचं तोंड हळूहळू उजळत गेलं.

"बांगड्या घ्यायच्या हुत्या मला. पास मागितला तर जमादार देत नव्हता. तारेखालनं गेले. हजेरीची काय काळजी नव्हती बग, आमी पोरी येकमेकीच्या नावाची हाजर द्यायचो, तशी नागी माजी देनार हुती. पर फोटोवाला सायेब सांगून आला नव्हता. त्या दिशी सोळा वर्साच्या सगळ्यास्नी हुबं केलं. मी सापडले नसते तर आप्पाचा, तुज्या आज्याचा, गिरनीत जायचा पास गेला आस्ता. मग नागीच हुभारली माज्या जागी. चौदा वर्साची हुती. तुज्या आज्जीचं लुगडं गुंडाळलं, माजी पाटी धरली आन् हुभारली. सायबाला काय कळतंय? त्येनं पाटी बगितली, संपलं."

"नागी म्हणजे?"

"नागव्वा. माजी धाकली भन."

धाकटी एक मावशी होती आणि ती लहानपणीच गेली, इतकंच मला ठाऊक होतं. नाव त्या दिवशी कळलं.

"सांच्याला मी आले तर काय हसलीया माज्यावर! म्हनली, अक्का, आता तू मेलीस तरी सायबाच्या वहीत मीच तिमव्वा." आईनं डोळ्यांना पदर लावला. "फुडच्या पावसाळ्यात गेली. हगवन लागली, दोन दिसांत गेली. तिचा सोताचा नंबर पडायलाबी दोन वर्सं हुती. नंबर न्हाई म्हनून फोटो न्हाई. पन्नास वर्सं झाली रं. आता डोळं मिटलं तर तिचं तोंडच येत न्हाई माज्याफुडं. लई आटवून बगते, पर येत न्हाई." मग तिनं शेंगांची परात बाजूला सारली आणि माझ्यापुढं हात पसरला. "कुटं ठेवलायस? आन बगू."

मी खाली बघत होतो.

"आरं आन की."

"धुतला मी तो," मी म्हणालो. "गरम पाण्यात. पुसून टाकला."

ती रडली असती, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं नुसता हात मागं घेतला आणि मांडीवर ठेवला. गल्लीत भांड्यांवर कल्हई करणारा ओरडत गेला.

"बरं," ती शेवटी म्हणाली. "तू तर बगितलायस न्हवं? तीन दिस तुज्यापाशी हुता. सांग मला. कशी दिसत हुती?"

मी तोंड उघडलं. पाटीवरचं अक्षर न अक्षर मला सांगता येत होतं. 'तिमव्वा'तला 'व्वा' कसा खाली घसरला होता, सातचा आकडा कसा लांबट होता, खडू कुठं पुसटला होता, सगळं. त्याच्या वर काय होतं ते मला माहीत नव्हतं. डोळे, नाक, केस, काही म्हणजे काही नाही. मी त्या पोरीकडं एकदाही बघितलं नव्हतं.

"चप्पल घाल," मी आईला म्हणालो. "एकीनं बघितलाय तो फोटो. ती संध्याकाळी गावाला जाणार आहे."

आईला स्कूटरवर मागं बसवून मी 'कोठडी'त गेलो. केतकी एका टेबलाशी बॅग भरत होती. कलशेट्टी शिडीवर चढलेल्या रंगाऱ्याला काहीतरी दाखवत होते. मला बघून केतकीनं तोंड फिरवलं.

"चौकटी शेठकडं द्या. मला तुमच्याशी बोलायचं नाहीये."

"मॅडम, ती पोरगी माझी मावशी होती," मी म्हणालो. आवाज जरा जास्तच मोठा निघाला असावा, कारण रंगाऱ्याचा ब्रश थांबला. "ही माझी आई. आम्ही सेटलमेंटची माणसं. तो नंबर आईचा. फोटो मीच पुसला, मुद्दाम. मावशीचा दुसरा फोटो नाही आमच्याकडं. तुम्ही तो नीट बघितला होता. कशी दिसायची, तेवढं माझ्या आईला सांगा."

कलशेट्टी माझ्याकडं बघत राहिले. त्यांच्या तोंडावर काय होतं ते मी बघितलं नाही, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी त्याची फिकीरही नव्हती. केतकीनं बॅग खाली ठेवली. तिनं एक खुर्ची ओढली.

"बसा आजी."

आई खुर्चीच्या कडेवर टेकली. केतकी तिच्यासमोर बसली आणि आठवून आठवून सांगायला लागली. लुगडं फार मोठं होतं, खांद्यावर नुसता ढीग झाला होता. एका बाजूचे केस सुटलेले होते. भुवया जाड, जवळजवळ जुळलेल्या. हनुवटीवर गोंदलेला एक ठिपका. खालचा ओठ दातांखाली धरलेला, हसू दाबल्यासारखा.

आईनं डोळे मिटले होते. प्रत्येक गोष्टीनंतर ती मान हलवायची आणि म्हणायची, "आनी?"

"डावा कान थोडा पुढं आलेला."

"व्हय, व्हय. आनी?"

"पाटी धरलेली बोटं अगदी बारीक होती. लहान मुलीची."

"आनी?"

"आजी, एवढंच आठवतंय हो मला."

आई डोळे मिटूनच बसून राहिली. मग तिनं मान माझ्याकडं वळवली आणि थांबली, मी काही भर घालेन म्हणून.